वैवाहिक स्थिती : एकच पर्याय निवडा

चिपळूणला परत आल्यावर शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "नगरला गेली होतीस म्हणजे शिर्डी झाली असेल." नाही झाली. "मग शिंगणापूर?" तेही नाही. "मग दहा दिवस केलंस काय तिकडे?" घरोघरी जाऊन लोकांना त्यांचं लग्न झालंय का ते विचारलं, असं मी सांगितलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की दारात उभं राहून पुढचं काही सांगायचा उत्साहच गेला. म्हणून हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत, धंदे बदलले आहेत, घरं इकडची तिकडे केली आहेत. बाकी जे झालं ते असं झालं.

देशभर एक मोठं कौटुंबिक सर्वेक्षण चालू होतं आणि मी त्यात कंत्राटी प्रगणक होते. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पाण्याची बाटली. घरात कोण कोण राहतं, नाव, नातं, वय, शिक्षण, आणि मग वैवाहिक स्थिती. प्रशिक्षणात या प्रश्नावर कुणी शंकासुद्धा काढली नव्हती. पर्याय सहा : अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित, विभक्त, परित्यक्ता. एकच निवडायचा. वाचायला पाच सेकंद लागतात. मला वाटलं होतं की शौचालयाच्या आणि आजारपणाच्या प्रश्नांना लोक कुरकुरतील. कुरकुर झाली ती या पाच सेकंदांवर.

सोमवार, केडगाव

सुरुवातच लाल पट्टीने झाली. टॅबलेटमध्ये काही चुकलं की वर लाल पट्टी येते आणि ती जाईपर्यंत पुढचं पान उघडत नाही. पहिल्या पानावर जिल्ह्याचं नवं नाव होतं, तिसऱ्या पानावर जुनं. दोन्ही जुळत नाहीत म्हणून लाल पट्टी. पुण्यात बसलेल्या आमच्या पर्यवेक्षकांना, साने सरांना, फोन केला. ते म्हणाले, "स्थानिक पातळीवर सोडवा." जिल्ह्याचं नाव मी स्थानिक पातळीवर कसं सोडवणार? तासाभराने पट्टी आपोआप गेली. कशी गेली ते आजही माहीत नाही.

पुणे रस्त्याला लागून असलेल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क भेटले. चहा, चिवडा, सगळं झालं. माहिती मात्र ते एखाद्या अर्जाचा मसुदा तपासावा तशी देत होते.

"कन्या. वय तेहेतीस पूर्ण."

"वैवाहिक स्थिती?"

"स्थळं बघणं चालू आहे."

"म्हणजे अविवाहित."

"अविवाहित म्हटलं की कसं वाटतं हो. 'योग यायचा आहे' असं काही नाही का त्यात?"

नव्हतं. मी सहाही पर्याय वाचून दाखवले. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. तेवढ्यात आतल्या खोलीतून, जिथे कन्या घरूनच ऑफिसचं काम करत होती, आवाज आला, "बाबा, अविवाहित! आणि दार लावा, माझी मीटिंग चालू आहे!"

मी ते टिपलं तेव्हा गृहस्थांनी असा सुस्कारा सोडला की जणू आता ते कायमचंच झालं. मग, नेहमीप्रमाणे, त्यांच्या पत्नीने मला विचारलं, "तुमचं झालंय ना?"

"हो," मी म्हणाले.

हे खोटं होतं. माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. पण 'नाही' म्हटलं की पुढचा अर्धा तास माझीच मुलाखत होते, हे मी या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकले होते. म्हणून कामावर असताना मी गळ्यात काळ्या मण्यांची एक बारीक सर घालायचे. लोकांनी खरं सांगावं म्हणून गावोगाव फिरायचं आणि स्वतः दिवसातून आठ वेळा खोटं बोलायचं. याचाही वैताग होताच, पण तो कुणाला सांगणार?

बुधवार, राहुरीच्या अलीकडे

आमच्याकडे चार पावलं टाकली की चढ लागतो किंवा उतार. इथे रस्ता जो सरळ निघतो तो उसातून सरळच जातो. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, मध्ये मुळा नदीच्या पाण्याचा पाट, आणि समोरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या. दोन दोन ट्रॉल्यांची जोडी एका ट्रॅक्टरला, आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठी की मागून येणाऱ्याचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. पहिल्या दिवशी मळमळलं, तिसऱ्या दिवशी तो वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

लॉजवर उंदराने माझ्या चार्जरची वायर कुरतडली होती. टॅबलेट नऊ टक्क्यांवर. साने सर म्हणाले, "स्थानिक पातळीवर." मी फोन ठेवला आणि जे मनात आलं ते पाटाच्या पाण्याला ऐकवलं.

यादीतलं पुढचं घर वस्तीवर होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रांगेने मांडलेल्या, आणि त्यांच्यात बसून एक माणूस तांब्याची तार गुंडाळत होता. त्याचं नाव सोपान. चाळिशीचा, बोलायला गोड. माझी अडचण ऐकली आणि काही न विचारता वायर हातातून घेतली. उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं, तरी इतक्या सफाईने त्याने ते दोन तुकडे जोडले की मी बघत राहिले.

"पुलीत गेलं," तो अंगठा दाखवत म्हणाला. "पाथर्डीला असताना. लई वर्सं झाली."

त्याची बायको मंदा आत भाकरी थापत होती. मी नको नको म्हणत असताना तिने मला बसवलंच. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लाल ठेचा. आम्ही कोकणातले लोक तिखट खातो असा माझा समज होता. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी आलं. मंदा हसली आणि न विचारता वर दूध ओतलं. दोन लहान मुली माझ्या ओळखपत्राच्या दोरीला लोंबकळत होत्या. दहा दिवसांत मी ज्या घरांत जेवले त्यांत हे घर मला सगळ्यांत आवडलं होतं.

पुरुषांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो : लग्न एकदाच झालं, की एकापेक्षा जास्त वेळा?

"एकदाच," सोपान तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "सात वर्सं झाली."

आत भाकरीचा आवाज जरा थांबला का? मला आता तसं वाटतं. तेव्हा माझं लक्ष टॅबलेटच्या टक्क्यांकडे होतं. मी 'एकदाच' वर बोट ठेवलं, फॉर्म पाठवला, आभार मानले.

शुक्रवार, बेलापूर

प्रवरेच्या काठचं हे गाव मोठं आहे. बाजारपेठ, भेळीची दुकानं, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो. आमचं यादीतलं घर गावाबाहेर मळ्यात होतं. घरमालक भाऊसाहेब, पन्नाशीचे, ऊस आणि कांदा करणारे. बाज टाकली, चहा आला, आणि ते एका दमात घरातली सगळी माणसं सांगून मोकळे झाले. शेवटी म्हणाले, "आन माझी बहीन कुसुम. छत्तीस."

"वैवाहिक स्थिती?"

"लग्न झालेली. मालक बाहेरगावी असत्यात."

एवढं सरळ उत्तर चार दिवसांत मिळालं नव्हतं. मी खुशीत 'विवाहित' टिपलं.

त्यानंतर बायकांशी वेगळं, एकटीशी बोलायचं असतं. तसा नियमच आहे. कुसुम घरामागे कांद्याची रोपं निवडून जुड्या बांधत बसली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. मी तोच प्रश्न विचारला.

"तुमीच सांगा काय लिवायचं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"नऊ वर्सं झाली. चाकणला काम बघतो म्हनून गेले. महिनाभर फोन चालू हुता, मग बंद. दादानं पोलिसात दिलं म्हनतो. काई कळलं न्हाई. आता हायेत का न्हाईत, ते मला ठावं न्हाई. मग मी कोन?"

मी सहा पर्याय वाचले. ती प्रत्येकाला मान हलवत गेली, 'नाही' अशी. मग म्हणाली, "संक्रांतीला निम्मी गल्ली हळदीकुंकवाला बोलावती. निम्मी न्हाई बोलावत. ज्या बोलावत्यात त्या बी वान देताना जरा थांबत्यात. वडाला दोरा गुंडाळते दर वर्साला. गुंडाळताना इचार येतो, हा दोरा कुनासाठी."

तिने जुडी बांधली आणि विचारलं, "तुमचं झालंय का, ताई?"

माझ्या तोंडावर 'हो' आलंच होतं. "घटस्फोट," मी म्हणाले. "सहा वर्षं झाली."

"कागुद हाय?"

"आहे."

"बरं हाय मग. कागुद असला की कळतं तरी." आणि मग एकदम पुढे सरकून, आवाज खाली आणून, "तुमच्या ह्या पाटीत सगळ्या लोकांची नावं येत्यात ना? एक नाव बघता का?" नवऱ्याचं नाव घ्यायला ती अडखळली. मग मातीकडे बघत म्हणाली, "सोपान. मोटारी बांधायचं काम करत्यात. उजव्या अंगठ्याला पेर न्हाई. मूळचे पाथर्डीचे."

माझ्या मांडीवर टॅबलेट होता. परवाचं घर त्यात होतं. त्या घरातल्या भरताची चव माझ्या तोंडातून अजून गेली नव्हती.

"असं बघता येत नाही त्यात," मी म्हणाले. निदान हे तरी खरं होतं. फॉर्म अर्धा ठेवून, बॅटरी संपल्याचं सांगून मी उठले. बॅटरी चौसष्ट टक्के होती.

संध्याकाळी एसटी स्टँडवरून साने सरांना फोन लावला. नावं न घेता सगळं सांगितलं.

"एका शब्दानं बोलायचं नाही," ते म्हणाले. "एका घरातली माहिती दुसऱ्या घरात गेली तर नोकरी जाईल, तुमचीही आणि माझीही."

"अहो, पण तिला माहीतच नाही की ती विधवा आहे की..."

"तुमचा संबंध नाही. 'विवाहित' टाका आणि पुढच्या घरी जा. दोन दिवस मागे आहात तुम्ही."

नियम चुकीचा नाही, हे मला कळत होतं. त्या नियमाच्या भरवशावरच तर लोक आम्हाला घरात घेतात. मंदाने मला त्याच भरवशावर जेवू घातलं होतं. आणि तरीही त्या बाकावर बसून मला सगळ्यांचा संताप येत होता. सोपानचा, साने सरांचा, त्या सहा पर्यायांचा, आणि 'एकदाच' वर मुकाट बोट ठेवणाऱ्या माझाही.

शनिवार, पुन्हा बेलापूर

सकाळी मळ्यावर पोचले तेव्हा भाऊसाहेब मला रस्त्यातच आडवे आले. मागे वाफ्यात बायका कांद्याची लागण करत होत्या.

"मॅडम, कुसुमनं काल तुमाला काय विचारलं?"

"ते मला सांगता येत नाही."

"मला म्हाईत हाय काय विचारलं आसंल. ती मोबाईल दुरुस्तीवाल्याला बी विचारती." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "तिला काय बी सांगू नका. तो जिवंत हाय. राहुरीकडं हाय. दुसरी केली, पोरं हायेत. चार वर्सांपूर्वी मला बाजारात दिसला. मी त्याच्या अंगावर धावून गेल्तो, लोकांनी सोडवलं."

"आणि बहिणीला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? आज कपाळाला कुंकू हाय. मानानं ऱ्हाती. खरं सांगितलं तर लोकं टाकलेली म्हनतील."

मी सर्वेक्षणासाठी आले होते, सल्ला द्यायला नाही. प्रशिक्षणात हे तीनदा सांगितलं होतं. कुसुमने काल सांगितलेलं त्यांना सांगणं हेही नियमात बसणारं नव्हतं. पण माझ्या संयमाचा बांध फुटला.

"कसला मान, भाऊसाहेब? निम्मी गल्ली तिला हळदीकुंकवाला बोलावत नाही. तुम्हाला माहीत आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत नव्हतं. नऊ वर्षं एका घरात राहून त्यांना हे माहीत नव्हतं, कारण हळदीकुंकू ही बायकांची बाब.

"कोन न्हाई बोलावत?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी वाफ्यातल्या बायकांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "तुमी बसा बाजंवर," आणि घरामागे गेले.

मी बाजेवर बसले. भाऊसाहेबांच्या पत्नीने चहा आणून ठेवला आणि मागे काय चाललंय ते न विचारताच ती आत गेली. त्यावरून कळलं की तिलाही ठाऊक होतं. चहावर साय धरली. मागून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसले होते. तो आला नाही. फक्त एकदा कुसुमचा आवाज आला, अगदी स्पष्ट : "चार वर्सं? चार वर्सं माझ्या हातची भाकर खाल्लीस आन बोलला न्हाईस?"

भाऊसाहेबांचं उत्तर ऐकू आलं नाही.

अर्ध्या तासाने ती पुढे आली. तोंड धुतलेलं, कुंकू तसंच. माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"वाचा परत ते सगळं."

मी वाचलं. परित्यक्ता या शब्दाशी तिने मला थांबवलं.

"हे काय?"

"नवऱ्यानं टाकलेली."

"ते न्हाई लिवायचं. मला काय गोनीतला सडका कांदा समजलात, टाकायला? त्याच्या आधीचं काय हुतं?"

"विभक्त. म्हणजे लग्न मोडलेलं नाही, पण नवरा-बायको वेगळे राहतात."

"ते लिवा."

मी लिहिलं. लाल पट्टी आली. घराच्या फॉर्ममध्ये 'विवाहित', इथे 'विभक्त', माहिती जुळत नाही. मला त्या क्षणी तो टॅबलेट प्रवरेत भिरकावून द्यावासा वाटला. दुरुस्ती करायची तर ज्याने आधी माहिती दिली त्याच्याकडून ती पुन्हा घ्यावी लागते. ते मी कुसुमला सांगितलं. तिने मान वळवून हाक मारली, "दादा! हिकडं ये. तुला विचारायचंय त्यांना."

भाऊसाहेब आले. मी नियमाप्रमाणे विचारलं, "कुसुम, वय छत्तीस. वैवाहिक स्थिती?"

ते खाली बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी ते म्हणाले, "विभक्त." एवढा जड शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असावा. पट्टी गेली.

शेवटचा एक प्रश्न राहिला होता, तो मी सवयीने वाचला. "या घरात आणखी कुणी असं राहतं का, ज्यांचं जेवण वेगळं शिजतं?"

"ते कशाला विचारता?" कुसुम म्हणाली.

"चूल वेगळी असली की कुटुंब वेगळं धरतात."

"घर एकच आसलं तरी?"

"तरी."

"आन त्या कुटुंबाचा प्रमुख कोन?"

"त्या चुलीवर जेवणारे सांगतील तो. किंवा ती."

भाऊसाहेबांनी वर बघितलं. कुसुमने पडवीकडे एकदा बघितलं. मग उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली आणि म्हणाली, "आज न्हाई. आज एकच चूल हाय. तसं लिवा." आणि रोपांकडे परत गेली.

निघताना मी तिला माझा नंबर दिला. तेही नियमात नव्हतं. राहुरीला जाणार का, असं मी विचारलं नाही आणि तिने पत्ता मागितला नाही.

राहुरीच्या त्या घरात मी परत गेले नाही. मंदाला काही ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. तिथला 'एकदाच' तसाच वर गेला आहे. साने सरांनी माझे सगळे फॉर्म मंजूर केले, 'उत्तम काम' असा शेराही दिला. तो वाचून मला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. पुढचं कंत्राट मी घेतलं नाही.

होळीच्या आसपास एका दुपारी कुसुमचा फोन आला. तिकडे रोपं संपून कांदा काढणीला आला होता. पडवीच्या टोकाला तिने स्वतःची वेगळी चूल मांडली होती, भाऊसाहेबांनी स्वतः पत्रे आणून आडोसा करून दिला होता. पहिले पंधरा दिवस ती त्यांच्याशी बोलत नव्हती, आता कामापुरतं बोलते. राहुरीला ती गेली नाही. "कशाला जाऊ? येवडी वाट बघितली, आता अजून वाट तुडवायची का?" मंगळसूत्राचं काय केलंस, ते मी विचारलं नाही.

"या की परत," ती म्हणाली. "नवीन कुटुंब लिवून घ्यायला."

"अगं, आमचा सर्वे संपला. आता नवीन घर लिहिता येत नाही."

"मग जेवायला या," ती म्हणाली. "कुनाला विचारायला लागत न्हाई आता."